भातशेतीच्या जुन्या पुस्तकाचे दहा महिने

गेल्या रविवारी, २३ मार्च २०२५ ला, रात्री साडेदहाच्या सुमारास १८४ व्या पानाचा रंग पिवळ्याचा हिरवा झाला. मराठी विकिस्रोत म्हणजे हक्कमुक्त पुस्तकं स्वयंसेवकांनी मिळून मजकुराच्या रूपात ठेवलेलं मोफत ऑनलाइन ग्रंथालय. तिथे पुस्तकाचं प्रत्येक पान एका रंगीत चौकोनात दिसतं. लाल म्हणजे अजून कुणी तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकाने तपासलंय, हिरवं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासून कायम केलंय. आमच्या गावच्या वाचनालयातलं भातशेतीवरचं एक पुस्तक, १९२६ ची दुसरी आवृत्ती, आता सगळं हिरवं आहे. हे काम हातात घेतलं तेव्हा ते कसं करायचं हे सांगणारं माझ्या आसपास कुणी नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय.

माझी नोकरी बंगळूरच्या एका कंपनीत, सॉफ्टवेअरच्या चाचणीची. घर बेळगावात. बहुतेक काम घरून होतं, महिन्यातून एकदा राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बंगळूरला जाऊन यायचं. मूळ गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. देवळाला लागून कौलारू खोली, दोन लाकडी कपाटं, एक लोखंडी, आणि अकराशेच्या आसपास पुस्तकं, असं आमचं वाचनालय. सातवीपर्यंत मी मराठी शाळेत होते आणि रोज संध्याकाळी पाच ते सात तिथे बसायचे. पुढे शिक्षण इंग्रजीत गेलं, नोकरीत कन्नड आणि इंग्रजी आली. तरी रोज झोपण्याआधी वीसेक पानं मराठी वाचायची सवय त्या खोलीतच लागलेली आहे.

२ जून २०२४ ला गावी गेले होते. वाचनालय सांभाळणारे मास्तर आता ७९ वर्षांचे आहेत. त्यांनीच मला चौथीत शिकवलं. त्यांनी लाकडी कपाटाचा खालचा कप्पा उघडून दाखवला. कसरीने कोरलेल्या कडा, ओलीने फुगलेले पुठ्ठे. हातात धरलं की पानाचा तुकडा बोटाला चिकटून यायचा.

"यंदाचा पावसाळा यांना झेपेल असं वाटत नाही मला," ते म्हणाले. "तू त्या कॉम्प्युटरमध्ये घालून ठेव की बाळ."

मी लगेच हो म्हटलं. दोन शनिवार-रविवारांचं काम असेल असा माझा अंदाज होता.

पहिला धडा कपाट उघडण्याआधीच मिळाला. वाचनालय एका मंडळाच्या नावावर आहे आणि मंडळाला समिती आहे. मास्तरांनी सांगितलं म्हणून पुस्तकं घेऊन गेले असते, तर उद्या त्यांनाच जाब द्यावा लागला असता. ९ जूनला मी समितीला साधा अर्ज लिहिला: कोणती पुस्तकं, कशासाठी, किती दिवस, नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची. ३० जूनच्या बैठकीत तो वाचला गेला. खजिनदारांची हरकत रास्त होती. काही वर्षांपूर्वी कुणीतरी 'झेरॉक्स काढून आणतो' म्हणून नेलेले दोन ग्रंथ परत आलेच नाहीत. शेवटी ठराव झाला तो असा: पुस्तकं आवाराबाहेर जाणार नाहीत, रोज काढताना आणि ठेवताना नोंदवहीत सही करायची, आणि माझ्याकडून हमीपत्र. हमीपत्र १०० रुपयांच्या ई-स्टॅम्पवर, नोटरीचे १५०, टंकलेखनाचे ६०. कोर्टाजवळच्या टंकलेखकाने ते कन्नडमध्ये करून दिलं आणि समितीच्या दप्तरासाठी मी तोच मजकूर हाताने मराठीत लिहून जोडला. ८ जुलैला दोन्ही कागद दिले. तुम्ही असं काही करणार असाल तर ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. ती मला पुढे तीनदा दाखवावी लागली.

ठराव होईपर्यंतचे दिवस मी दाखल नोंदवही वाचण्यात घालवले, आणि तेच सगळ्यात उपयोगाचं ठरलं. जुनं म्हणून कुठलंही पुस्तक सरसकट महाजालावर चढवता येत नाही. भारतीय कायद्यात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. वि. स. खांडेकर १९७६ ला गेले, त्यांच्यासाठी २०३७ उजाडावं लागेल. आमच्याकडे खांडेकरांचा एक अख्खा कप्पा आहे आणि त्यातली निम्मी पुस्तकं मोडकळीला आलीत. ती बाजूला ठेवताना जीव कासावीस झाला. त्यांच्यासाठी सध्या कोरडं कपाट आणि नवी बांधणी एवढंच आपल्या हातात आहे.

याच्या जोडीला आणखी एक अट. विकिस्रोतावरच्या पुस्तकाची फाइल सहसा विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे मुक्त चित्रं आणि फाइलींच्या सामायिक साठ्यात ठेवतात, आणि तिथे ते पुस्तक अमेरिकेच्या कायद्यानेही मुक्त असावं लागतं. त्या काळातल्या पुस्तकांना तिकडे ढोबळमानाने प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात. म्हणजे १९२६ चं छापील पुस्तक २०२२ च्या सुरुवातीला मोकळं झालं. या दोन्ही चाळण्यांतून आमच्या वाचनालयातली सात पुस्तकं खाली आली. त्यातलं भातशेतीचं मी निवडलं, कारण गाव भाताचं आहे आणि त्या पुस्तकाची अवस्था सगळ्यात वाईट होती.

मग हत्यारं. मी ५,८०० रुपयांना सपाट काचेचा स्कॅनर घेतला, आणि ती चूक होती. असा स्कॅनर पुस्तक पूर्ण उलथं दाबून ठेवायला लावतो. दुसऱ्याच पानाला शिवणीतून 'कट्' असा आवाज आला आणि मी हात मागे घेतला. शंभर वर्षं जुनी शिवण १८० अंशांत उघडत नाही. मास्तर काही बोलले नाहीत, नुसतं पुस्तक उचलून छातीशी धरलं. तो स्कॅनर नंतर ३,५०० ला विकला.

पुस्तक साधारण शंभर अंशच उघडेल असा इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा पाळणा गावच्या सुताराने प्लायवूडचा करून दिला, १,४०० रुपयांत. पान सपाट राहायला वरून ठेवायची काच ३५०, कडा घासून घेतलेली. फोनला तिकाटणं ९००. दोन एलईडी बल्ब २४०, दोन्ही बाजूंनी तिरके लावायचे, म्हणजे काचेत उजेडाचा डाग पडत नाही. खाली अंथरायला काळं कापड ८० रुपयांचं. माझ्या फोनचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आहे. क्राउन आकाराच्या एका पानाला तो पुरून उरतो. अक्षरओळखीला, म्हणजे यंत्राने फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करायला, दर इंचाला ३०० ठिपके लागतात, ते सहज मिळतात. महाग कॅमेऱ्याची गरज नाही. हातमोजेही नकोत, त्यांनी पानाची कड कळत नाही. हात धुऊन नीट कोरडे केले की झालं.

सगळं जमलं आणि पाऊस आला. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. जुलैभर हवेत इतकी ओल होती की पानं एकमेकांना चिकटलेली होती, आणि ओलं पान उलटायला गेलं की फाटतं. मी थांबले. दर शनिवारी जायचं, पुस्तक उभं करून पानं पंख्याच्या मंद वाऱ्यावर धरायची, आणि परत यायचं. मास्तरांनी कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला होता, मी सिलिकाच्या पुड्या आणून ठेवल्या. उन्हात मात्र ठेवू नका. पानं कडक होऊन तुटतात.

२४ आणि २५ ऑगस्टला उघडीप मिळाली आणि फोटो काढून झाले. आधी सगळी उजवी पानं, मग पाळणा फिरवून सगळी डावी. ताशी साधारण शंभर पानं होतात, पण दुपारी दोन तास लाइट गेली आणि दोन्ही बल्ब बंद. खिडकीच्या उजेडात काढायचा मोह आवरा. पानागणिक छटा बदलते आणि पुढे त्रास होतो. रात्री घरी येऊन पानांचे आकडे जुळवले तेव्हा कळलं, ९७ आणि ९८ हे पानच नाही. फाडलेलं होतं, फार पूर्वी, कारण फाटलेली कडसुद्धा पिवळी पडली होती.

या एका पानासाठी तीन आठवडे गेले. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं, आणि जिल्ह्यात वाचनालयांची परंपरा मोठी, तेव्हा कुठेतरी दुसरी प्रत असणार हे मास्तरांनी धरूनच चाललं होतं. त्यांनी जुन्या शिक्षक मित्रांना फोन लावायला सुरुवात केली. सहाव्या की सातव्या फोनला नंदगडच्या बाजूचं एक शेतकरी घर सापडलं, जिथे आजोबांच्या ट्रंकेत हे पुस्तक होतं. ठरावाची प्रत दाखवली, चहा झाला, आणि पाटावर पुस्तक ठेवून मी एका पानाचे दोन फोटो काढले. त्या घरातल्या आजी म्हणाल्या, "आमचे सासरे पेरणीच्या आधी हे वाचून दाखवायचे." कुठलं पान वाचायचे ते विचारलं, पण त्यांना आठवेना.

फोटोंची साफसफाई स्कॅनटेलर नावाच्या मोफत प्रणालीत केली: पान सरळ करणं, समास कापणं, पिवळेपणा काढणं. मधे गणपती आले, ७ सप्टेंबरला, त्यामुळे आठवडाभर काही झालं नाही. मग सगळ्याची एक पीडीएफ करून १४ सप्टेंबरला कॉमन्सवर चढवली. लेखकाच्या मृत्युवर्षाच्या रकान्यात मी 'अज्ञात' लिहिलं, कारण ते मला कुठल्याच कोशात मिळालं नव्हतं आणि १९१२ ची पहिली आवृत्ती म्हणजे पुरेसं जुनं असं मी धरून चालले होते. दोन दिवसांत फाइलवर ती वगळण्याचा प्रस्ताव लागला. तो नियमाप्रमाणेच होता. अशा चर्चेला किमान सात दिवस मिळतात, तेव्हा असं झालं तर घाबरून जाऊ नका आणि रागाने उत्तर लिहू नका.

उत्तर माझ्याच हातात होतं. दुसऱ्या आवृत्तीला लेखकाच्या मुलाची चार पानांची प्रस्तावना आहे. मी तिचे फोटो काढले होते, ती साफ केली होती, पण वाचली नव्हती. त्यात तो लिहितो की वडील शके १८४५ च्या आषाढात गेले. शकात ७८ मिळवले की १९२३, महिना जुलैच्या आसपासचा. ती ओळ चर्चेत दिली आणि फाइल राहिली. मात्र त्याच प्रस्तावनेने दुसरा प्रश्न उभा केला. प्रस्तावना मुलाची, म्हणजे तिचा हक्कही वेगळा, आणि मुलगा कधी गेला ते कळायला मार्ग नाही. म्हणून ती चार पानं काढून फाइल पुन्हा चढवली. ज्या पानांनी पुस्तक वाचवलं तीच पुस्तकात नाहीत, याची मला अजून हळहळ वाटते. प्रस्तावना, चित्रं, अनुवाद, परिशिष्टं यांचे हक्क वेगवेगळ्या माणसांचे असू शकतात, हे आधी तपासा.

यानंतरचं काम माझ्या व्यवसायातलं होतं, त्यामुळे ते लवकर होईल असं वाटत होतं. अक्षरओळखीसाठी मी टेसरॅक्ट वापरलं. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ च्या सुमारास सुरू झालेलं हे काम २००५ ला सर्वांसाठी खुलं झालं, आणि चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल जाळ्यांवर चालतं. मराठीची तयार फाइल त्यात मिळते. विकिस्रोतावर पान संपादित करताना अक्षरओळखीचं बटणही असतं, त्यात टेसरॅक्ट आणि गूगल असे दोन्ही पर्याय आहेत. ज्यांना संगणकावर काही बसवायचं नसेल त्यांना ते पुरेसं आहे. १८४ पानं ओळखायला माझ्या लॅपटॉपला पाऊण तास लागला. ती तपासायला मला चार महिने लागले.

जुन्या शिशाच्या खिळ्यांची छपाई यंत्राला झेपत नाही. 'ख'चं 'रव' होतं, 'घ' आणि 'ध' एकमेकांच्या जागी जातात, 'भ'चा 'म' होतो. हे दिसतं तरी. न दिसणारी चूक जास्त वाईट. 'शेतकऱ्यांनी' हा शब्द घ्या. यातला 'ऱ्या' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाणित पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो: एक 'ऱ' या स्वतंत्र अक्षरापासून, दुसरा साधा 'र', हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण एका प्रकाराने लिहून शोधलं तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला शब्द सापडेलच याची खात्री नाही. शेतीच्या पुस्तकात 'शेतकऱ्या' पानोपानी येणार, आणि तोच शोधता येत नसेल तर पुस्तक चढवून काय मिळवलं? मी पायथनमध्ये पंधरा ओळींची एक छोटी आज्ञावली लिहिली, जी सगळे 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' एकाच रूपात आणते. 'ॲ'चीही तीच गोष्ट. नोकरीत कन्नडच्या चाचण्यांसाठी मी इनस्क्रिप्ट ही कळफलकाची पद्धत शिकले होते. तिची मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना सारखीच आहे, त्यामुळे तीच बोटं देवनागरीला चालली आणि हाताने दुरुस्तीचा वेग वाढला.

खरी परीक्षा अनुस्वारांची. आज आपण 'काही', 'घरात', 'केले' लिहितो. हे पुस्तक 'कांहीं', 'घरांत', 'केलें' लिहितं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. माझी पिढी त्यांच्याशिवायच शिकली. विकिस्रोताचा दंडक असा की जे छापलंय तेच ठेवायचं, आजच्या पद्धतीने सुधारायचं नाही. यंत्र अर्धे अनुस्वार गाळतं, छपाईतला शाईचा ठिपका अनुस्वार समजून घालतं, आणि माझं बोट सवयीने उरलेले काढून टाकायचं. पहिली वीस पानं मी तीनदा तपासली.

तेव्हा मी मास्तरांकडे जाऊन बसायला लागले. ते छापील पुस्तकातून मोठ्याने वाचणार, मी पडद्यावर बघणार. त्यांचं शालेय शिक्षण जुन्या नियमांवर झालेलं. "अनुस्वार बिनकामाचा नसतो," त्यांनी एक दिवस थांबवून सांगितलं. "'ती' म्हणजे बाई. 'तें' म्हणजे रोप. 'तीं' म्हणजे रोपं. टिंबावरून कळतं, लेखक कशाबद्दल बोलतोय." त्यानंतर माझी दुरुस्ती सुधारली, कारण आता मी टिंब मोजत नव्हते, वाक्य वाचत होते. ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्याची बातमी आली तेव्हा आम्ही ५८ व्या पानावर होतो. मास्तरांनी बातमी दोनदा वाचायला लावली आणि मग म्हणाले, "बरं, पुढचा परिच्छेद घे."

शब्दांनी तर मला चार महिने श्रीमंत केलं. एका पानावर यंत्राने 'करी' असं दिलं होतं. अर्थ लागत नव्हता. छापील पानात 'कुरी' होतं, आणि मला तेही कळलं नाही. कोशात शोधायला उठले तर मास्तर हसले. बी पेरायचं लाकडी अवजार, ज्याला इतरत्र पाभर म्हणतात. "आणि कानडीत कूरिगे," ते म्हणाले. "आमच्या शेताच्या एका बांधाला कुरी, पलीकडच्या बांधाला कूरिगे." तसाच 'वाफसा'. यंत्राने त्याचं 'वाफा' करून टाकलं होतं आणि वाक्य तरीही बरोबर वाटत होतं, म्हणून ती चूक माझ्या नजरेतून सुटली होती. वाफा म्हणजे जमिनीचा तुकडा, वाफसा म्हणजे पेरणीजोगी ओल. पुस्तकात लिहिलेलं असतं 'वाफसा आल्यावर पेरावें' आणि आम्ही ठेवलं असतं 'वाफा आल्यावर'. तरवा, चिखलणी, धूळपेरणी हे शब्द माझ्या आजीच्या तोंडी होते. ते छापलेले मी पहिल्यांदा पाहत होते. अर्थ लागतोय म्हणून शब्द बरोबर आहे असं समजू नका, प्रत्येक वेळी मूळ चित्राकडे बघा.

एका पानाला सरासरी १२ मिनिटं, म्हणजे १८४ पानांना सुमारे ३७ तास. ऐकायला थोडे वाटतात. पण नोकरी करून दिवसाला दोन-तीन पानांवर होत नाहीत, आणि थकलेल्या डोळ्यांनी केलेलं पान पुन्हा करावं लागतं. मी रोजची वाचनाची वीस मिनिटं याला दिली. नोव्हेंबरात एका कामाच्या मुदतीमुळे सोळा दिवस एकही पान झालं नाही आणि हे सोडून द्यावं असं वाटलं. मास्तरांच्या नातीने, ती खानापूरला बी.एस्सी. करते, तेव्हा फोनवरून आठ पानं तपासून दिली. २६ जानेवारीला सगळी पानं पिवळी झाली.

हिरवं आपलं आपल्याला करता येत नाही. ज्याने पान पिवळं केलं तो ते हिरवं करू शकत नाही, दुसराच सदस्य हवा. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता वाटतं, हाच त्या व्यवस्थेतला सगळ्यात चांगला नियम आहे. माझी पानं नातीने पाहिली, तिची आठ मी पाहिली, आणि शेवटची साठेक पानं एका अनोळखी सदस्याने दोन महिन्यांत हळूहळू हिरवी केली. त्यांचं सदस्यनाम मला माहीत आहे, गाव माहीत नाही. माझ्या त्यांनी पकडलेल्या चुका २३. प्रत्येकीसाठी त्यांचे आभार मानलेत.

मधल्या काळात दुसरं एक पुस्तक सुरू झालं, त्याबद्दल थोडं. आमच्याच भागातल्या एका शिक्षकाने १९६१ साली छापलेल्या आठवणी. ते १९८७ ला गेले, म्हणजे हक्क २०४७ संपेपर्यंत वारसांचा. अशा वेळी वारसांनी स्वतः मुक्त परवान्याखाली संमती दिली तरच पुढे जाता येतं. ८ डिसेंबरला मी निपाणीला त्यांच्या थोरल्या मुलाकडे गेले. ते स्वतः सत्तरी ओलांडलेले. परवान्याचा अर्थ मी मराठीत लिहून नेला होता: कुणीही वाचू शकेल, छापू शकेल, विकूसुद्धा शकेल, फक्त लेखकाचं नाव द्यावं लागेल आणि बदललेली आवृत्तीही तशीच मोकळी ठेवावी लागेल. 'विकूसुद्धा शकेल' इथे ते अडले. "म्हणजे बाबांच्या पुस्तकावर दुसरा पैसे कमावणार?" मी हो म्हटलं, कारण ते खरं आहे, आणि ते दडवून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. ते विचार करतो म्हणाले. मी आग्रह केला नाही.

पाच आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. धाकटा भाऊ पुण्याला, बहीण गडहिंग्लजला, तिघांचं बोलणं झालं होतं. १२ जानेवारीला तिघांनी आपापल्या ईमेलवरून ठरलेल्या नमुन्यातलं संमतीपत्र विकिमीडियाच्या परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवकांना पाठवलं. त्यांच्याकडून वारसांचं नातं विचारणारं पत्र आलं. सुदैवाने जमिनीच्या कामासाठी नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीतून काढलेला वंशवृक्षाचा दाखला घरात होता, तो पाठवला. २१ फेब्रुवारीला मंजुरी आली. एका वारसाची सही पुरत नाही, सगळ्यांची लागते. आणि संमती हक्क ज्यांच्याकडे आहे तेच देऊ शकतात. मंडळाने किंवा वाचनालयाने दिलेली चालत नाही, पुस्तक कितीही वर्षं त्यांच्या कपाटात असलं तरी.

एकूण खर्च, तो स्कॅनर सोडून, सहा हजारांच्या आत बसला. त्यातले सुमारे २,६०० पेट्रोलचे आणि बसचे.

परवा मंगळवारी संध्याकाळी वाचनालयात गेले. फोनवर अक्षरं मोठी करून मास्तरांच्या हातात दिला. त्यांना छापील पुस्तक आता भिंग लावूनही नीट दिसत नाही, वाचून दाखवताना ते किती आठवणीतून वाचत होते ते मला उशिरा कळलं. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं, अनुक्रमणिका पाहिली, मग म्हणाले, "कुरी शोध बघू." मी शब्द टाकला. सतरा ठिकाणी होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांशी धरला आणि पहिल्यापासून एकेक वाक्य मोठ्याने वाचायला लागले. बाहेर अंधार पडला होता. मी उठून दिवा लावला आणि त्यांच्या समोरच्या बाकावर बसले.